कुंभकोणमची वही आणि कृष्णविवराची सावली

जगातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून कृष्णविवराच्या सावलीचे चित्र टिपले. पण त्या काळोखाच्या आत काय दडले आहे, याचा हिशेब मांडताना शास्त्रज्ञांना रामानुजन यांनी शंभर वर्षांपूर्वी आजारपणात लिहिलेल्या कागदांकडे वळावे लागले. तामिळनाडूतले एक देवळांचे गाव, एक मराठी शास्त्रज्ञ आणि आकाशातला सर्वांत गडद काळोख यांच्या नात्याची ही हकिकत.

१० एप्रिल २०१९ रोजी जगातल्या अनेक शहरांत एकाच वेळी पत्रकार परिषदा भरल्या आणि एक चित्र प्रसिद्ध झाले. काळ्या पार्श्वभूमीवर एक नारिंगी कडे, खालच्या बाजूला जास्त उजळ, आणि मधोमध काळोख. चित्र थोडे अस्पष्टच होते. तरीही दुसऱ्या दिवशी जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर छापले, कारण माणसाने कृष्णविवराच्या सावलीचे चित्र पहिल्यांदाच टिपले होते.

हे कृष्णविवर एम-८७ नावाच्या दीर्घिकेच्या मध्यभागी आहे. आपल्याकडून पाहताना ती कन्या तारकासमूहात दिसते आणि तिचे अंतर सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षे आहे. म्हणजे तिथून निघालेल्या ज्या लहरींचे हे चित्र बनले, त्या निघाल्या तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. या एका कृष्णविवरात साडेसहाशे कोटी सूर्यांइतके वस्तुमान कोंबलेले आहे.

कृष्णविवर म्हणजे अशी जागा की जिथून प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही. मग जे प्रकाशच देत नाही, त्याचे चित्र कसे काढायचे? त्याचे उत्तर सावलीत आहे. कृष्णविवराभोवती तापलेला वायू प्रचंड वेगाने फिरत असतो आणि लहरी बाहेर टाकत असतो. कृष्णविवर त्यातल्या काही लहरी गिळते आणि काहींना वाकवते. त्यामुळे त्या उजेडाच्या मध्यभागी एक काळी तबकडी उमटते. शास्त्रज्ञ तिला सावली म्हणतात. चित्रातला नारिंगी रंग मात्र खरा नाही. रेडिओ लहरींना रंग नसतो, तो समजण्याच्या सोयीसाठी भरलेला आहे.

तळ्याच्या काठावरचे घड्याळवाले

एम-८७ ची ती सावली आकाशात इतकी लहान दिसते की चंद्रावर ठेवलेले एखादे संत्रे पृथ्वीवरून ओळखावे, तसा तो प्रकार आहे. जितके बारीक पाहायचे तितकी दुर्बीण मोठी हवी. या कामासाठी गणित मांडले तर जवळजवळ पृथ्वीएवढ्या व्यासाची दुर्बीण लागते. ती कोण बांधणार?

ती बांधण्याऐवजी शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली, ती समजून घ्यायला कुंभकोणमच्या महामहम तलावाच्या काठी जाऊ या. कावेरी आणि अरसलार या नद्यांच्या मधे वसलेल्या या गावात दर बारा वर्षांनी महामहम उत्सव भरतो. याआधीचा २०१६ मध्ये झाला. चारी बाजूंना दगडी पायऱ्या आणि काठाने सोळा मंडप असा हा तलाव आहे.

समजा, रात्रीच्या अंधारात कोणी या तळ्यात दगड टाकला. दगड कुठे पडला ते दिसत नाही. पण त्याच्या लहरी पसरत पसरत पायऱ्यांशी येतात. काठावर ठिकठिकाणी माणसे बसवली, प्रत्येकाच्या हाती उत्तम घड्याळ दिले आणि लाट केव्हा आपटली ते लिहून ठेवायला सांगितले, तर सकाळी सगळ्यांच्या वह्या एकत्र करून दगड नेमका कुठे पडला ते काढता येते. माणसे जितकी लांब लांब बसलेली, तितके उत्तर अचूक. संपूर्ण काठ माणसांनी भरायची गरज नाही.

कृष्णविवराचे चित्र असेच काढले गेले. एप्रिल २०१७ मध्ये हवाई बेटे, अ‍ॅरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ रेडिओ दुर्बिणी एकाच मोहिमेत जोडल्या गेल्या. या जाळ्याचे नाव इव्हेंट होरायझन टेलिस्कोप. १.३ मिलिमीटर तरंगलांबीच्या लहरी त्यांनी टिपल्या. प्रत्येक ठिकाणी अणुघड्याळ होते, कोट्यवधी वर्षांत एखाद्या सेकंदाची चूक करणारे. दक्षिण ध्रुवावरून एम-८७ दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे सात दुर्बिणींनी पाहिले. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराच्या वेळी मात्र ध्रुवावरची दुर्बीणही कामाला आली.

‘वह्या’ म्हणजे इथे संगणकाच्या तबकड्या. एकट्या एम-८७ ची माहिती सुमारे ५० लाख गिगाबाइट भरली. एवढी माहिती तारेवरून पाठवणे शक्य नव्हते. ती तबकड्यांच्या पेट्यांत भरून विमानाने अमेरिकेत आणि जर्मनीतल्या बॉनला नेली. दक्षिण ध्रुवावरच्या पेट्यांना तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावे लागले, कारण त्या काळात तिथून विमान उडत नाही.

पुढे चित्र तयार करताना एक खबरदारी घेतली गेली. आपल्याला कडे दिसायला हवे आहे म्हणून ते दिसते आहे, असे तर होत नाही ना? यासाठी चार गट केले आणि एका गटाने दुसऱ्याशी अवाक्षर बोलायचे नाही असे ठरले. चारही गटांनी आपापली चित्रे समोर ठेवली, तेव्हा चौघांकडेही कडेच होते. १२ मे २०२२ रोजी आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या, सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या कृष्णविवराचेही चित्र प्रसिद्ध झाले. ते चाळीस लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. २०२४ च्या जानेवारीत एम-८७ चे २०१८ सालच्या निरीक्षणांवरून केलेले चित्र आले. त्यात कड्याचा आकार तोच होता, फक्त उजळ भाग थोडा सरकला होता. म्हणजे पहिले चित्र योगायोगाचे नव्हते.

कल्याण, उटी आणि खोडद

दूर दूर ठेवलेल्या दुर्बिणी जोडून एक मोठी दुर्बीण करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. प्रा. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये मुंबईजवळ कल्याणला ३२ लहान थाळ्यांची रांग उभी केली, ती भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी पायरी. १९७० मध्ये तामिळनाडूत उटीजवळ ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण झाली. टेकडीचा उतार तिथल्या अक्षांशाइतकाच असल्यामुळे ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि एका अक्षाभोवती फिरवूनच ताऱ्यांचा पाठलाग करता येतो. त्यानंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप उभा राहिला. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या, २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. तळ्याच्या काठावर बसलेली ती तीस माणसेच.

मग कृष्णविवराच्या चित्रात खोडदची दुर्बीण का नव्हती? कारण तरंगलांबी. खोडदच्या थाळ्या सुमारे वीस सेंटिमीटरांपासून काही मीटरपर्यंतच्या लांब लहरी ऐकतात. कृष्णविवराच्या कडेचा बारकावा पाहायला मिलिमीटरच्या लहरी लागतात, आणि त्या हवेतली वाफ शोषून घेते. म्हणून ते काम उंच आणि कोरड्या पठारांवरूनच होते. लांब लहरींचे स्वतःचे काम वेगळे आहे. कृष्णविवरे लाखो प्रकाशवर्षांपर्यंत जे झोत फेकतात, ते पाहण्यात खोडदची दुर्बीण तरबेज आहे.

चित्रात जे दिसत नाही

सावलीचे चित्र हाती आले. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतावरून जेवढी सावली अपेक्षित होती, तेवढीच ती निघाली. पण सावलीच्या आत काय आहे? हे कोणत्याही दुर्बिणीला दिसणार नाही, कारण आतून काहीच बाहेर येत नाही. इथून पुढचे काम गणिताचे.

१९७० च्या दशकात जेकब बेकेन्स्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले की कृष्णविवरालाही तापमान असते आणि एन्ट्रॉपी असते. एन्ट्रॉपी हा शब्द भारी वाटला तरी कल्पना घरगुती आहे. एखादी वस्तू बाहेरून तशीच दिसत असताना तिच्या आतली मांडणी किती वेगवेगळ्या प्रकारे असू शकते, याचे ते माप. धान्याची कोठी बाहेरून एकच दिसते, पण आतले दाणे असंख्य प्रकारे बसलेले असू शकतात. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून मिळते, आणि ती प्रचंड असते.

अडचण अशी की सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे कृष्णविवर अगदी साधे असते. वजन, विद्युतभार आणि फिरकी या तीन गोष्टी सांगितल्या की संपले. मग एवढ्या असंख्य मांडण्या कशाच्या? आत ‘दाणे’ कोणते? याचे उत्तर मिळाले नाही, तर आत पडलेल्या वस्तूची माहिती कायमची नष्ट होते की कुठे तरी शिल्लक राहते, हेही कळणार नाही. आणि माहिती नष्ट होत असेल, तर भौतिकशास्त्राचे काही पायाभूत नियमच हलतात. म्हणून अनेक शास्त्रज्ञांनी एकच ध्यास घेतला : आतल्या मांडण्या मोजायच्या.

चार लाडू किती तऱ्हांनी?

मोजण्याचे हे शास्त्र आपल्याला थेट कुंभकोणमला घेऊन येते.

चार लाडू डब्यांत भरायचे आहेत. डबे सगळे सारखे. किती प्रकारे भरता येतील? चारही एका डब्यात. तीन आणि एक. दोन आणि दोन. दोन, एक आणि एक. किंवा चार डब्यांत एकेक. असे पाच प्रकार. दहा लाडू घेतले तर ४२ प्रकार होतात. शंभर घेतले तर १९,०५,६९,२९२ प्रकार! दोनशेला हा आकडा ३९,७२,९९,९०,२९,३८८ इतका होतो. गणितज्ञ याला संख्यांची विभाजने म्हणतात. मॅकमहॉन नावाच्या गणितज्ञाने दोनशेपर्यंतचे आकडे हाताने काढले होते. पण कितीही मोठ्या संख्येला लागू पडेल असे सूत्र कोणालाच सापडत नव्हते.

ते १९१८ मध्ये श्रीनिवास रामानुजन आणि त्यांचे केंब्रिजमधले सहकारी प्रा. जी. एच. हार्डी यांनी दिले. सूत्राचे उत्तर मॅकमहॉनच्या आकड्याशी जुळले, तेव्हा गणिताचे जग थक्क झाले.

आता कृष्णविवराकडे वळू. विश्वातले मूलभूत कण म्हणजे अतिसूक्ष्म तारा आहेत, असे मानणारा एक सिद्धांत आहे. त्याला स्ट्रिंग सिद्धांत म्हणतात. वीणेची तार जशी वेगवेगळ्या सुरांत कंप पावते, तशा या तारा कंप पावतात. तारेला दिलेली ऊर्जा निरनिराळ्या सुरांत किती प्रकारे वाटली जाऊ शकते, हा प्रश्न म्हणजे लाडू डब्यांत भरण्याचाच प्रश्न. १९९६ मध्ये अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरून वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवराच्या मांडण्या अशा रीतीने मोजल्या. उत्तर बेकेन्स्टाइन-हॉकिंग यांच्या सूत्राशी जुळले. त्या मोजणीच्या मुळाशी हार्डी-रामानुजन यांनी घालून दिलेलीच पद्धत होती.

सारंगपाणी सन्निधी मार्गावरचे घर

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ रोजी आजोळी, ईरोडला झाला. पण ते वाढले कुंभकोणमला, सारंगपाणी मंदिराच्या समोरच्या रस्त्यावरील छोट्या घरात. वडील कापडाच्या दुकानात कारकून होते. आई कोमलताम्माळ देवळात भजने म्हणत. कागद महाग, म्हणून मुलगा पाटीवर गणिते करी आणि कोपराने पुसून टाकी. टाउन हायस्कूलमध्ये त्यांनी गणिताचे बक्षीस मिळवले, सरकारी महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळवली आणि गणिताखेरीज दुसऱ्या कशात लक्ष न दिल्यामुळे ती गमावलीही.

या गावाचे मराठी माणसाशीही जुने नाते आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यामुळे मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. सयाजीराव गायकवाड लहान असताना बडोद्याचा कारभार पाहणारे दिवाण सर टी. माधवराव हे १८२८ मध्ये कुंभकोणमलाच जन्मलेले, तंजावरी मराठी घराण्यातले.

१९०९ मध्ये रामानुजन यांचे लग्न दहा वर्षांच्या जानकीशी झाले. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. १९१३ च्या जानेवारीत त्यांनी हार्डींना पत्र लिहिले आणि १९१४ मध्ये ते इंग्लंडला गेले. पुढची पाच वर्षे वैभवाची होती आणि हालाचीही. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. त्याच काळात युद्धामुळे शाकाहारी अन्न मिळेना, थंडी सोसवेना आणि आजाराने शरीर पोखरले. डॉक्टरांनी क्षय म्हटले. पुढे काही तज्ज्ञांनी यकृताला झालेल्या अमीबाच्या संसर्गाचे निदान अधिक संभवनीय मानले. तो आजार त्या काळीही बरा होऊ शकत होता.

२७ मार्च १९१९ रोजी ते मुंबई बंदरात उतरले. पुढे त्या वर्षाचे शेवटचे महिने ते कुंभकोणमला राहिले आणि जानेवारी १९२० मध्ये उपचारासाठी त्यांना मद्रासला नेण्यात आले. अंगात ताप, अंगावर मांस नाही, तरी हातातली लेखणी सुटत नव्हती. जानकीअम्मांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार मृत्यूच्या चार दिवस आधीपर्यंत ते गणिते लिहीत होते. ती वेळेवर भात, लिंबाचे सरबत, ताक देई. छाती आणि पाय दुखू लागले की शेक देई. शेकासाठी पाणी तापवायची ती दोन भांडी तिने उतारवयापर्यंत जपून ठेवली होती.

१२ जानेवारी १९२० रोजी रामानुजन यांनी हार्डींना शेवटचे पत्र लिहिले. आपल्याला काही फार मनोरंजक फलने सापडली आहेत आणि आपण त्यांना ‘मॉक थीटा’ म्हणतो, असे त्यांनी कळवले. सोबत सतरा उदाहरणे दिली. ही फलने नेमकी कशी ओळखायची, याची सर्वमान्य व्याख्या मात्र त्यांनी दिली नाही. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले.

हरवलेले कागद

त्यांचे उरलेले कागद मद्रास विद्यापीठाकडे गेले आणि १९२३ मध्ये तिथून हार्डींकडे. पुढे ते प्रा. जी. एन. वॉटसन यांच्या हाती आले. वॉटसन यांनी मॉक थीटावर महत्त्वाचे काम केले, पण त्यांच्या मागे हे कागद त्यांच्या इतर पसाऱ्यात केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका पेटीत पडून राहिले. १९७६ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज अँड्र्यूज यांनी ती पेटी उघडली. आत रामानुजन यांच्या अक्षरातली शंभराहून अधिक पाने आणि सहाशेहून अधिक सूत्रे होती, बहुतेक सिद्धतेशिवाय. ‘हरवलेली वही’ म्हणून ती आज प्रसिद्ध आहे, जरी ती वही नसून सुटे कागद आहेत.

मॉक थीटा म्हणजे काय, हे दारातल्या कोलमवरून, म्हणजे आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून, थोडेफार समजू शकते. उत्तम रांगोळी कुठूनही फिरवून पाहिली तरी सारखीच दिसते. गणितातली थीटा फलने अशीच सममित असतात. मॉक म्हणजे सोंग घेणारी. ती थीटाचे जवळजवळ हुबेहूब सोंग वठवतात, पण रांगोळी फिरवली की एखादी रेघ चुकते. ती रेघ का चुकते, हे ऐंशी वर्षे कोणाला सांगता आले नाही. २००२ मध्ये सँडर झ्वेगर्स या डच तरुणाने आपल्या प्रबंधात दाखवले की त्या फलनात एक ठरावीक भर घातली की सममिती पूर्ण होते. ही भर एका दुसऱ्या फलनातून तयार होते. झ्वेगर्स यांचे मार्गदर्शक डॉन झागिए यांनी त्याला नाव दिले ‘सावली’. दुर्बिणीतल्या सावलीशी या सावलीचा काही संबंध नाही. नावे फक्त जुळली आहेत.

मोजणीत आलेली चूक

इथे या कथेत डॉ. अतीश दाभोळकर येतात. कोल्हापूरच्या ‘प्रयोग परिवार’ चळवळीचे प्रवर्तक, गणिताचे शिक्षक श्रीपाद दाभोळकर यांचे ते चिरंजीव. आय. आय. टी. कानपूर आणि प्रिन्स्टन इथे शिक्षण घेऊन ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक झाले. २०१९ मध्ये इटलीतल्या त्रिएस्त इथल्या, अब्दुस सलाम यांनी स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकशास्त्र केंद्राचे संचालकपद त्यांच्याकडे आले.

कृष्णविवराच्या आतल्या मांडण्यांचा अंदाज पुरेसा नाही, त्या अगदी शेवटच्या एककापर्यंत मोजता आल्या पाहिजेत, हा त्यांच्या कामाचा आग्रह. त्यात एक विचित्र अडचण आली. गणिताचे सूत्र एका कृष्णविवराच्या मांडण्या मोजत होते, पण त्याच बेरजेत एकमेकांना बांधून राहिलेल्या दोन कृष्णविवरांच्या मांडण्याही मिसळल्या होत्या. बाहेरून दोन्ही सारखेच दिसत. परिस्थिती थोडी बदलली की जोडी तुटे आणि एकूण आकडा एकदम बदले. एकट्या कृष्णविवराचा खरा आकडा हवा असेल तर जोड्यांचा हिशेब वेगळा काढायला हवा होता. पण तो वेगळा काढला की उरलेल्या फलनाची सममिती बिघडे. रांगोळीची रेघ चुके!

२०१२ मध्ये दाभोळकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी या कोड्याचे उत्तर प्रसिद्ध केले. उरलेले फलन बिघडलेले नव्हतेच. ते रामानुजन यांच्या मॉक थीटाच्या कुळातले होते. झ्वेगर्स यांनी सांगितलेली भर घातली की सममिती परत येत होती, आणि एकट्या कृष्णविवराची मोजणी नेमकी करता येत होती. आजारी माणसाने कारण न सांगता लिहून ठेवलेल्या सूत्रांना ९२ वर्षांनी भौतिकशास्त्रात जागा मिळाली. फ्रीमन डायसन यांनी १९८७ मध्ये रामानुजन शताब्दीच्या परिषदेत, एक दिवस तरुण भौतिकशास्त्रज्ञ मॉक थीटा आपल्या सिद्धांतात आणतील अशी आशा व्यक्त केली होती. ती पंचवीस वर्षांत फळाला आली.

अभिमान किती, अतिशयोक्ती किती?

रामानुजन यांनी कृष्णविवरांचे भाकीत केले होते, असे मोबाइलवर फिरणारे संदेश अनेकांनी वाचले असतील. ते खरे नाही. कृष्णविवर हा शब्द १९२० मध्ये रूढच नव्हता. श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांचे उत्तर काढले होते, पण त्याचा अर्थ कळायला कित्येक दशके गेली. रामानुजन शुद्ध गणित करत होते.

दुसरी गोष्टही लक्षात ठेवायला हवी. दाभोळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजलेली कृष्णविवरे आदर्श, अतिशय सममित आणि कागदावरची आहेत. एम-८७ मधल्या अजस्र कृष्णविवराच्या मांडण्या कोणीही मोजलेल्या नाहीत. स्ट्रिंग सिद्धांताला प्रयोगाचा पुरावा मिळालेला नाही. दुर्बीण बाहेरून जवळ येते आहे, गणित आतून, आणि दोघांच्या मधे अजून मोठे अंतर आहे. रामानुजन यांचे मोठेपण सांगायला याहून जास्त काही जोडण्याची गरज नाही.

एक छायाचित्र आणि जानकीअम्मा

कृष्णविवराच्या शोधात आणखी एका तामिळ माणसाचा मोठा वाटा आहे. १९३० मध्ये १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि प्रवासातच त्यांनी गणित मांडले, की विझत चाललेला तारा एका मर्यादेपेक्षा जड असेल तर तो शांतपणे विझू शकत नाही. कृष्णविवराच्या कल्पनेकडे जाणारी ती एक पक्की पायरी होती. या चंद्रशेखरांना १९३६ मध्ये भारतात येताना हार्डींनी एक काम सांगितले : रामानुजन यांचे एखादे चांगले छायाचित्र मिळते का पाहा. चंद्रशेखरांनी जानकीअम्मांची गाठ घेतली. त्यांच्याकडे पतीच्या पासपोर्टवरचे एक छायाचित्र होते. आज पुस्तकांत आणि टपाल तिकिटांवर जो रामानुजन यांचा चेहरा दिसतो, त्याची ओळख जगाला या छायाचित्राने करून दिली.

स्वतः जानकीअम्मांचे आयुष्य कष्टात गेले. एकविसाव्या वर्षी वैधव्य आले. मद्रास विद्यापीठाचे महिना २० रुपयांचे वेतन होते. त्या काही वर्षे भावाकडे मुंबईत राहिल्या, तिथे शिवणकाम शिकल्या आणि मग मद्रासला परत येऊन ट्रिप्लिकेनमध्ये शिवणकामावर स्वतःचा संसार उभा केला. एका अनाथ मुलाला त्यांनी वाढवले, शिकवले. पतीचा पुतळा उभारण्याचे आश्वासन पुरे झाले नाही, ही त्यांची खंत वर्तमानपत्रातून परदेशी पोचली, तेव्हा अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड आस्की यांनी जगभरच्या गणितज्ञांकडून वर्गणी गोळा केली. शिल्पकार पॉल ग्रॅनलंड यांनी त्याच पासपोर्टवरच्या छायाचित्रावरून ब्राँझचा अर्धपुतळा घडवला आणि तो जानकीअम्मांच्या घरी पोचला. १३ एप्रिल १९९४ रोजी त्यांचे निधन झाले. पतीच्या शेवटच्या कागदांचा कृष्णविवरांच्या गणिताशी पुढे जो संबंध जुळला, तो पाहायला त्या राहिल्या नाहीत. पण ते कागद लिहिले जात असताना त्यांची उशी नीट करणारे हात त्यांचे होते.

कुंभकोणमचे ते घर २००३ मध्ये शास्त्र विद्यापीठाने विकत घेऊन स्मारक म्हणून जपले आहे. २००५ पासून दर वर्षी रामानुजन यांच्या जन्मदिवसाच्या सुमारास एका तरुण गणितज्ञाला इथे पुरस्कार दिला जातो. अट एकच : वय बत्तिसाहून अधिक नसावे. २००९ मध्ये हा पुरस्कार जर्मनीच्या कॅथरिन ब्रिंगमन यांना मिळाला, तो मॉक थीटाच्या अभ्यासासाठीच. देवदर्शनासाठी कुंभकोणमला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंना सारंगपाणीचे देऊळ चुकत नाही. तिथून हे घर चालत काही मिनिटांवर आहे. मुले सोबत असतील तर त्यांना तिथे जरूर न्यावे, आणि परतीच्या गाडीत दहा लाडवांचे बेचाळीस प्रकार मोजायला सांगावेत.